भाऊला गाडीत कुणी ढकललं

गेल्या दिवाळीत भाऊची नात जळगावला आली होती. भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. नात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून बसली आहे आणि आता ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अर्ज करते आहे. दोन वर्षांची संशोधनाची जागा, ती संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा दोन वर्षं. मी म्हटलं, हे तुझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच आहे. ती म्हणाली, "मग ती गोष्ट सांगा ना, तुम्ही आजोबांना गाडीत ढकललं ती."

मी सांगितली. आजवर सांगत आलो तशीच, हातवारे करून सांगितली. ती पोट धरून हसली आणि उठता उठता सहज म्हणाली, "मलाही तुमच्यासारखं मागून ढकलणारं कुणीतरी हवं होतं."

भाऊला मी ढकललेलं नाही. जे झालं ते असं झालं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. भाऊ विलायतेहून रसायनशास्त्राची सगळ्यात वरची पदवी घेऊन आला, तेव्हा नानांनी जळगाव स्टेशनावर ताशा लावला होता. नाना म्हणजे भाऊचे वडील, माझे काका. कापसाची अडत करायचे. माझे वडील लवकर गेले, म्हणून मी नानांच्याच घरी वाढलो आणि मॅट्रिक होऊन एका जिनिंगच्या कचेरीत चिकटलो. ताशा वाजला, पेढे वाटले, गावातल्या प्रतिष्ठितांनी भाऊच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग वर्षभर काहीही झालं नाही. इतकं शिकलेल्या माणसाला काय काम द्यायचं हे आमच्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

भाऊचा विषय सरकीचं तेल. आमच्याकडे तेव्हा सरकी म्हशी खायच्या. तिचं तेल काळपट, कडवट, वासाचं. त्याचा रंग आणि वास कसा घालवायचा, हे भाऊला विलायतेत अर्धं सापडलं होतं आणि उरलेलं अर्धं त्याला झोपू देत नव्हतं. त्यानं गोठ्याच्या एका कोपऱ्यात स्पिरिटचा दिवा आणि काचेची दोन-चार भांडी मांडली होती. तिथून जो वास सुटे, त्याच्यापुढे गोठा बरा वाटे. नानांची मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, धुळ्याकडच्या खेड्यातून येऊन आमच्याच घरी राहायची. ती नाकाला पदर लावून म्हणे, "इतकं शिकीसन म्हशीसनं खानं शिजाडस हाऊ."

भाऊवर एकाच माणसाची नजर होती. शेठजी. त्यांचे आजोबा मारवाडातून लोटा घेऊन आले होते, आता शेठजींची तेलाची गिरणी होती. त्यांनी नानांना सरळ विचारलं होतं, "पोरगा मला द्या. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनाला येऊन गादीवर बसला की त्या दिवसापासून गिरणीचा केमिस्ट. खोली देतो, टांगा देतो."

माणूस भला होता, पगारही चांगला होता. पण काम होतं डबे तपासायचं, भेसळ पकडायचं. भाऊ मला एकदा म्हणाला, "शेठजींकडे गेलो की मी तेल तपासत राहीन. तेलाचं काही शोधणं मात्र कायमचं संपलं." त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. आजारी माणूस आपल्या दुखण्याबद्दल सांगतो तसं त्यानं सांगितलं.

नानांनीही आपला निर्णय देऊन टाकला होता. पाडव्यापर्यंत दुसरं काही जमलं नाही, तर शेठजींना हो म्हणायचं. चांगल्या माणसाला फार दिवस ताटकळत ठेवणं त्यांना मान्य नव्हतं.

त्यातच वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. लांबच्या एका विद्यापीठात तेलं आणि चरबी यांवर संशोधन करण्यासाठी डॉक्टर झालेला माणूस हवा होता. भाऊनं अर्ज केला आणि रात्री जेवताना घरात सांगितलं. तो प्रसंग मला अजून दिसतो, कारण भाऊ आयुष्यात इतका गडबडलेला मी पुन्हा पाहिला नाही.

"म्हणजे मास्तरकी?" नानांनी विचारलं.

"नाही. शिकवायचं नाही. संशोधन करायचं."

"मग शिकणं संपलं ना तुझं?"

"संपलं. आता शिकून झालेल्यांनी करायचं ते."

"किती वर्षांसाठी?"

"दोन."

"आणि दोन वर्षांनी?"

भाऊनं ताकाचा पेला उचलला. "काम आवडलं तर आणखी ठेवतात. नाहीतर दुसरीकडे अशीच जागा बघायची."

नाना घास हातात घेऊन थांबले. "आपल्या जिनात हंगामाला बाया येतात कापूस निवडायला. तसंच ना? हंगाम संपला की गाठोडं उचलायचं."

"तसंच," भाऊ म्हणाला. प्रामाणिक माणूस होता.

अक्का चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दोन वरीस राखतीन आनि मंग वापस धाडी देतीन? अशी सोयरीक कोन करस?"

सगळे हसले. पण अक्काच्या त्या एका शब्दानं पुढचा सगळा घोटाळा केला. सोयरीक म्हटल्यावर नानांना ही भानगड एकदम समजली. तोवर विद्यापीठ म्हणजे काय हे त्यांच्या हाती लागत नव्हतं, सोयरीक मात्र त्यांनी आयुष्यात बऱ्याच जमवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौकशा सुरू केल्या. प्रोफेसर कुठले, घरचे कसे, आधीच्या माणसाला का सोडलं, तो आता कुठे आहे, सुखात आहे का. नागपूरला जाणाऱ्या एका कापूस दलालाकडून त्यांनी प्रोफेसरांच्या सासुरवाडीची सुद्धा माहिती काढली. त्या माहितीचं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नसावं, पण ती असलेली बरी.

दिवाळीच्या आठवडाभर आधी प्रोफेसरांचं उत्तर आलं. ते सुटीत मुंबईहून नागपूरकडे मेलनं जाणार होते. उमेदवारानं एवढ्या लांब येण्यापेक्षा भुसावळला गाडी थांबते तेवढ्यात भेटावं, दोन गोष्टी बोलता येतील. भाऊनं पत्र सगळ्यांना मराठीत सांगितलं आणि म्हणाला, "मी सकाळच्या पॅसेंजरनं जाऊन येतो."

"एकटा?" नाना म्हणाले. "मुलगा आपली सोयरीक ठरवायला एकटा जातो का कुठे? बघायला ते येताहेत. आपल्या जंक्शनात येताहेत. आपण रिकाम्या हातानं एकटं पोर उभं केलं, तर म्हणतील खान्देशातली माणसं दरिद्री."

भाऊनं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. वडील बोलत असताना मुलानं बोलायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज होता. विलायतेत त्यानं भल्याभल्यांशी वाद घातले असतील. नानांपुढे तो कोटाची गुंडी चाचपत उभा राहायचा.

आखणी माझ्याकडे आली. मला रेल्वेचं वेळापत्रक वाचता यायचं आणि ते आपल्याला येतं हे मी कुणाला विसरू देत नसे. भुसावळला मेल चांगला अर्धा तास थांबत होती. मी कागदावर निम्मा वेळ स्वागताला आणि फराळाला काढला, निम्मा बोलण्याला. नानांनी तो पाहून माझी पाठ थोपटली. भाऊनं तो पाहिला आणि मला म्हणाला, "फराळ राहू दे ना रे." मी म्हटलं, "भाऊ, तुला यातलं कळत नाही."

आम्ही निघालो ते नाना, अक्का, भाऊ, वहिनी, मी, फेटे बांधलेले दोन शेजारी, आणि शेठजी. शेठजींना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपले तिकीट काढून स्टेशनावर हजर. "मी काय पोराला बांधून ठेवत नाही," ते नानांना म्हणाले. "पण ज्याच्यासाठी मला नाही म्हणणार, तो माणूस एकदा बघू तर द्या."

वहिनी म्हणजे भाऊची बायको. माहेर धुळ्याचं. लग्न होऊन दोन वर्षं झाल्यावर भाऊ विलायतेला गेला होता, आणि आला तो गोठ्यात शिरला होता. वहिनी कमी बोलायच्या. मोठ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायचं नाही, हे तर त्यांनी कधीच मोडलं नव्हतं. भाऊला पाणी हवं असलं तर तो भिंतीला सांगायचा आणि त्या पाणी आणून भिंतीजवळ ठेवायच्या. त्यांना बरोबर घेतलं होतं ते डब्यांसाठी. हिवाळ्याची पहिली वांगी नुकतीच निघाली होती. वहिनींनी पहाटे उठून ती कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजून, हिरव्या मिरच्या ठेचून भरीत केलं होतं, आणि टोपलीभर पुऱ्या.

भुसावळला पोचलो तर मेल उशिरानं होती. आम्ही फलाटावर सतरंजी अंथरली. शेजाऱ्यांनी हार ओले करून ठेवले. गाडी उशिरा आली की पुढचा मुक्काम कापून वेळ भरून काढतात, ही गोष्ट वेळापत्रकात लिहिलेली नसते. म्हणून मला ती माहीत नव्हती.

गाडी आली. प्रोफेसर खाली उतरले. शिडशिडीत, चष्मा लावलेले, पुण्याकडचे गृहस्थ. त्यांनी बरोबर माणूस ओळखला. आमच्या सगळ्यांत अपराधी चेहऱ्याचा तोच होता. ते भाऊजवळ गेले आणि म्हणाले, "तुमचा निबंध वाचला मी. ते तेल धुताना तुम्ही उष्णता कुठपर्यंत नेत होता?"

भाऊनं तोंड उघडलं आणि नानांनी प्रोफेसरांच्या गळ्यात हार घातला. मग दुसरा शेजाऱ्यांनी घातला. मग नानांनी घराण्याची माहिती दिली. ती आजोबांपासून सुरू झाली.

प्रोफेसर अतिशय सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा भाऊकडे वळले, "आणि उरलेला रंग? तो कशानं—"

"आधी खाई ल्या," अक्का म्हणाली आणि त्यांच्या हातात पानावरचं भरीत ठेवलं.

त्यांनी खाल्लं. पुणेरी माणसानं खान्देशी भरीत खाल्ल्यावर जे होतं ते झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चष्मा हातात. मी तांब्या घेऊन नळाकडे धावलो. शेठजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, पोरगा लई हुशार शे. तुमच्याकडे नाही जमलं तरी त्याची काळजी करू नका, माझ्याकडे जागा शे." एवढ्या गडबडीत ही सोय सांगायला ते विसरले नाहीत.

मी पाणी घेऊन आलो तोवर घंटा झाली होती. नाना म्हणाले, "अजून पुष्कळ वेळ आहे," आणि माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. प्रोफेसर डब्यात चढले, दारात उभे राहिले, डोळे पुसले आणि भाऊला म्हणाले, "बोलणं काही झालं नाही. असो. पत्रानं कळवतो."

मुलगी पाहून गेलेली माणसं 'पत्रानं कळवतो' म्हणाली की घरातल्या बायका काय समजायचं ते समजतात आणि मांडलेले पाट उचलायला लागतात. आम्ही पुरुष तेवढे समजत नाही. नाना हात जोडून हसत होते. वहिनी मात्र मागे डबे आवरत होत्या, त्यांचे हात थांबले. धुळ्याला त्यांना बघायला भाऊच्या आधी तीन ठिकाणची माणसं येऊन गेली होती आणि तिघांनीही तेच सांगितलं होतं, हे मला पुढे कळलं.

गाडी हलली. भाऊ दाराबरोबर चालू लागला आणि चालता चालता उष्णतेचं काहीतरी सांगू लागला. प्रोफेसर वाकून ऐकत होते, आणि हात पुढे करून म्हणाले, "चढता का? अकोल्यापर्यंत बोलू."

मी भाऊच्या कोटाची बाही धरली. "तिकीट नाही भाऊ," मी म्हणालो. घरात जो शहाणा समजला जातो त्याला ऐन वेळी असलंच काहीतरी सुचतं. भाऊनं मागे वळून नानांकडे पाहिलं. परवानगीसाठी. नाना अजून हात जोडून उभे होते.

तेवढ्यात माझ्या बोटांवर दुसरी बोटं आली. वहिनींनी माझी मूठ उकलली, बाही सोडवली, उरलेल्या पुऱ्यांचा डबा भाऊच्या हातात कोंबला आणि दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत असा धक्का दिला की भाऊ पायरीवर जाऊन आदळला. प्रोफेसरांनी त्याला आत ओढलं. पदर वहिनींच्या डोक्यावरून खाली आला होता. सासऱ्यांसमोर, भर फलाटावर, दोन फेटेवाल्या शेजाऱ्यांच्या आणि शेठजींच्या देखत. त्यांनी पदर सावकाश वर घेतला आणि परत जाऊन डबे आवरायला बसल्या.

शेठजी म्हणाले, "गेला तुमचा मुलगा, नाना. आणि माझा केमिस्ट." अक्का वहिनींजवळ गेली, सतरंजीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "आते घर चला."

परतीच्या गाडीत नानांनी भादली स्टेशन गेल्यावर तोंड उघडलं. माझ्याकडे बोट करून सगळ्यांना म्हणाले, "कुणी विचारलं तर यानं ढकललं."

हे त्यांनी रागानं सांगितलं नव्हतं. सुनेनं नवऱ्याच्या अंगावर हात टाकला, तोही सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, ही बातमी धुळ्याला तिच्या बापाच्या कानावर जाऊ नये, म्हणून ते बोलले. शेजाऱ्यांनी माना हलवल्या. शेठजी म्हणाले, "मी तर काही पाहिलंच नाही. मी पुऱ्या खात होतो." वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्या दिवशी ती थाप वहिनींसाठीच होती, आणि मी ती घेतली यात माझं काही चुकलं असं आजही मला वाटत नाही. चुकलं ते पुढे.

भाऊ दुसऱ्या दिवशी अकोल्याहून परत आला. डबा रिकामा होता. तिकीट तपासनिसाचे पैसे प्रोफेसरांनी भरले होते आणि पुऱ्या दोघांनी मिळून संपवल्या होत्या. नुसत्या, भरिताशिवाय. धक्का बसला तेव्हा तो नानांकडे बघत होता आणि बाहीला हात माझा होता, म्हणून डबा देऊन ढकललं तेही मीच, असं त्यानं धरलं होतं. भाऊ सरळ माझ्यापाशी आला आणि माझे दोन्ही हात धरले. "तू होतास म्हणून," एवढंच म्हणाला. नाना झोपाळ्यावर बसून माझ्याकडे बघत होते. वहिनी दाराआड होत्या. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पत्र आलं. जागा भाऊला मिळाली. नाना स्वतः शेठजींकडे जाऊन आले, आणि शेठजींनी वहीपूजनाचा पहिला पेढा भाऊला पाठवला.

जागा दोन वर्षांची, राहायची सोय एकट्या माणसाची. भाऊ गेला. ज्या हातांनी त्याला गाडीत चढवलं ते हात जळगावला भाकऱ्या थापत राहिले. घरी पाहुणे आले की नाना कौतुकानं म्हणत, "सांग रे, तू कसं ढकललंस," आणि मी सांगे. पहिल्या वर्षी दोन वाक्यांत सांगे. पुढे गार्डाची हिरवी झेंडी आली. मग मी गाडीबरोबर धावलो. मग शेठजींनी मला अडवायला हात धरला आणि मी तो झटकला. वहिनी पाहुण्यांना चहा देत असायच्या. त्यांनी एकदाही गोष्ट मोडली नाही. फक्त नंतर कपबशा उचलताना हळूच म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही धावताना चपला हातात घेतल्या होत्या की पायात?" किंवा, "आज झेंडी जरा लवकर दाखवली."

मी हसायचो. त्याही हसायच्या. त्यांना राग येत असेल असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही.

भाऊची जागा एकदा वाढली, मग पुन्हा वाढली. लढाईच्या दिवसांत तेलाच्या संशोधनाला भाव आला आणि त्याला तिथंच कायमचं ठेवलं. मग तो वहिनींना न्यायला आला. येताना त्यानं माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलं. सगळ्यांसमोर माझ्या हातावर बांधलं आणि म्हणाला, "तुझ्या वहिनीला मी आत्ता कुठे नेतोय, पण तुझं देणं आधीचं."

मला त्या क्षणी सांगता आलं असतं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट होती, धुळ्याच्या व्याह्यांना कळून आता काही बिघडणार नव्हतं, आणि नाना स्वतः बसले होते, त्यांनी हरकत घेतली नसती. मी घड्याळाला किल्ली देत बसलो.

जळगाव स्टेशनावर भाऊ हमालाशी बोलत होता तेव्हा मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, भाऊला आज सांगतो मी. गाडी यायच्या आत."

वहिनींनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "घड्याळ काढून द्यावं लागेल भाऊजी," त्या म्हणाल्या. चेहरा अगदी गंभीर होता.

"देतो."

"राहू द्या. तुम्हाला शोभतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्यांना. मागच्या दिवाळीला आले होते तेव्हा. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. म्हणाले, एवढा जोर तुझ्या हातात कुठला."

गाडी आली. भाऊ सामान चढवून आधी वर गेला आणि वहिनींना घ्यायला दारात वाकून उभा राहिला. वहिनींनी त्याचा हात घेतला नाही. दांड्याला धरून स्वतःच चढल्या. नाना, अक्का, सगळे समोर होते. त्या वळून सगळ्यांच्या देखत भाऊला म्हणाल्या, "सरा जरा आत, दार अडवू नका." अक्का तोंडाला पदर लावून हसली. नानांनी दुसरीकडे पाहिलं. भाऊ आत सरला.